ड्रग टेस्टमुळे नोकरी गेली तर गोव्यात बेकारी भत्ता मिळतो का, आणि नाही मिळाला तर काय काय मिळतं

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. २०२३ च्या पावसाळ्यात मला कामावरून काढलं. वेर्ण्याला एका कंपनीत पॅकिंगला होतो, सात वर्षं झालेली. शनिवारी मित्रांसोबत गांजा ओढला, मंगळवारी आमच्या शिफ्टमध्ये फोर्कलिफ्टने एक रॅक आडवा केला (चालवत दुसराच होता, मी बाजूला लेबलं लावत होतो) आणि त्या वेळी आत जेवढे होतो तेवढ्या सगळ्यांची लघवी तपासली. प्लास्टिकचा कप असतो, त्याच्या अंगालाच पट्ट्या चिकटवलेल्या, पाचेक मिनिटांत लाल रेषा उमटतात. या टेस्टमध्ये रेषा आली म्हणजे निगेटिव्ह आणि रेषा नाही आली म्हणजे पॉझिटिव्ह, हे मला कुठे माहीत, माझ्या कपावर एका पट्टीत रेषा कमी दिसली तेव्हा मी मनात म्हटलं चला सुटलो.

त्या दिवशी आम्ही दोघे सापडलो. मी कंपनीच्या रोलवर आणि दुसरा सत्तरी तालुक्यातला एक पोरगा, तो कॉन्ट्रॅक्टरकडचा. टेस्ट तीच, दिवस तोच, नशाही तीच. त्याला बेकारी भत्ता मिळाला, मला नाही मिळाला. हे असं का झालं ते समजून घ्यायला मला सहा महिने आणि पणजीच्या पाटोच्या (ईएसआय, लेबरची ऑफिसं तिथेच) कितीतरी चकरा लागल्या, ते तुम्हाला एका बसण्यात कळावं म्हणून लिहितोय.

आणखी एक, युट्यूबवर अमेरिकेतल्या अनएम्प्लॉयमेंटचे व्हिडिओ बघून काही ठरवू नका. तिकडे प्रत्येक राज्याची वेगळी सिस्टम, पैसे मालकांकडून टॅक्स घेऊन जमवतात, तिकडचं मिसकंडक्टचं (गैरवर्तनाचं) भांडणही वेगळं. आपल्याकडे खाजगी नोकरीतल्या माणसाला बेकारीत पैसे देणारी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे ईएसआय, पगारातून कापला जाणारा कामगारांचा सरकारी विमा. पगारातून ईएसआय कापलं जात नसेल तर पायरी ५ सोडून द्या, बाकीचं वाचा.

पायरी १: सही न करता घरी या

टेस्टनंतर तासाभरात मला केबिनमध्ये बोलावलं. एसी इतका की ओल्या रेनकोटमध्ये मी कुडकुडत होतो. समोर टाइप केलेला राजीनामा, तारीख घातलेली, फक्त सही बाकी. वर गोड भाषा, "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, रेकॉर्ड क्लीन राहील, नाहीतर आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल."

मी सही करणारच होतो. पेन हातात घेतलेलं. पण आमच्या लाइनवर डिचोलीचे एक काका होते, पूर्वी खाणीवर युनियनमध्ये काम केलेले, ते बाहेरच म्हणाले होते की कसलाही कागद पुढे केला तर म्हणायचं वाचून उद्या देतो, आणि सरळ बस पकडायची. तेवढं एक वाक्य मी कसंबसं बोललो आणि बाहेर पडलो.

राजीनाम्याचा प्रॉब्लेम असा की पुढे प्रत्येक ठिकाणी तो "स्वतःहून नोकरी सोडली" असाच वाचतात. लेबर ऑफिसात जाऊन काढलं म्हणून सांगाल तर ते म्हणणार काढलं कुठे, तुम्हीच सोडली की. दबाव टाकून सही घेतली हे सिद्ध करता येतं, नाही असं नाही, पण ते तुम्हाला करावं लागतं आणि खूप जड जातं. सही आधीच झाली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, "सही दबावाखाली घेतली, राजीनामा मला मान्य नाही" असं ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. महिन्याभराने आठवलं तर कोण ऐकणार.

पोलिसांच्या धमकीबद्दल. अंमली पदार्थांचं सेवन हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४ए मध्ये असं आहे की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमध्ये त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला की ते जातं. बॅगेत किंवा लॉकरमध्ये माल सापडला असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

पायरी २: टेस्टचा कागद मागा

कपवाली टेस्ट ही नुसती चाळणी असते. ती चुकते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तर अफूच्या पट्टीवर पॉझिटिव्ह येऊ शकतं, सर्दीच्या काही गोळ्यांनी अँफेटामाइनची पट्टी गडबडते, खसखस भरपूर खाल्ली तरी मॉर्फिनचा अंश दिसू शकतो. म्हणून कपवर पॉझिटिव्ह आलं की तोच नमुना लॅबमध्ये पाठवून जीसी-एमएस नावाच्या मशीनवर पक्का करायचा असतो. गांजाचं उलटं असतं, तो खरंच ओढलेला असतो पण कधी ते टेस्टला कळत नाही, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही दिसतो. म्हणजे पॉझिटिव्ह आला याचा अर्थ कामावर असताना नशेत होता असा होत नाही. चौकशीत हा मुद्दा कामाचा आहे, मला उशिरा सुचला.

लेखी मागायच्या गोष्टी: कुठल्या पदार्थाची टेस्ट, नमुना किती वाजता घेतला, बाटली तुमच्यासमोर सील केली का, कन्फर्मेटरी टेस्ट झाली का, आणि कंपनीची ड्रग पॉलिसी जिच्यावर तुमची सही आहे असं ते म्हणतात. माझ्या केसमध्ये जॉइन होताना सही केलेल्या चाळीसेक पानांच्या गठ्ठ्यात ती पॉलिसी होती. मी कधी वाचली नव्हती, आता पाठ आहे.

काही औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि फार्मसीचं बिल लगेच ईमेल करा. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पायरी ३: तुम्ही कुठल्या दाराने बाहेर पडलात ते ओळखा

सगळ्या लेखातलं हेच महत्त्वाचं. नोकरी गेली हे एकच वाक्य असलं तरी कागदावर त्याचे चार प्रकार होतात.

एक म्हणजे डिसमिसल. चार्जशीट (पोलिसांची नव्हे, कंपनीचं आरोपपत्र), चौकशी, दोष सिद्ध, मग शिक्षा म्हणून बडतर्फी. मी या दाराने गेलो.

दुसरं, रिट्रेंचमेंट (कामगार कपात) किंवा कंपनीच बंद. यात तुमचा दोष नसतो, वर्षभर सलग काम झालेलं असेल तर दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई आणि महिन्याची नोटीस मिळते.

तिसरं, काहीच न करता गेटवरून परत पाठवणं. "उद्यापासून येऊ नको." कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांना हेच होतं. त्या सत्तरीच्या पोराच्या कॉन्ट्रॅक्टरने ना चार्जशीट दिली ना चौकशी, रजिस्टरवर फक्त काम संपलं.

चौथा राजीनामा, त्याचं वर बोललो.

ईएसआयच्या भत्त्याच्या नियमात अट अशी आहे की बेकारी ही गैरवर्तनाची शिक्षा म्हणून, किंवा निवृत्तीमुळे, किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली नसावी. नीट वाचा, गैरवर्तनाची "शिक्षा". त्या पोराला नियमाप्रमाणे कधी शिक्षाच झाली नव्हती. मला झाली होती, बारा पानांचा चौकशी अहवाल होता. गंमत बघा, ज्याच्या बाबतीत सगळं कायद्याने केलं त्याचा भत्ता गेला, आणि ज्याला कुत्र्यासारखं हाकललं त्याला मिळाला. यात न्याय शोधू नका, मी शोधून दमलो.

म्हणून जे पत्र मिळेल ते एकेक शब्द लावून वाचा. "मिसकंडक्ट", "डिसमिस्ड", "प्रूव्ह्ड" असे शब्द आहेत की "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" एवढंच आहे? पत्रच दिलं नसेल तर ईमेल करून मागा आणि तो ईमेल जपून ठेवा.

सस्पेंड केलं असेल तर पगार पूर्ण बंद होत नाही हेही लक्षात ठेवा. स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) लागू असलेल्या ठिकाणी पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के निर्वाह भत्ता, आणि चौकशी लांबली ती तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. मला पहिल्या महिन्यात काहीच दिलं नव्हतं, लेखी मागितल्यावर दिलं. चवथीच्या आदल्या दिवशी जमा झालं, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात तो फळाफुलांचा मांडव) बांधता बांधता मेसेज आला.

पायरी ४: कागद जमवा

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, पावसाचे दिवस असतील तर डबल पिशवीत:

आधार (मोबाइल नंबर लिंक असलेला, नसेल तर तेच पहिलं काम)
बँक पासबुकची पहिली पानं किंवा कॅन्सल चेक
ईएसआयचं ई-पहचान कार्ड, त्यावरचा १० आकडी इन्शुरन्स नंबर
१२ आकडी यूएएन (पीएफचा नंबर)
शेवटच्या निदान सहा महिन्यांच्या पे-स्लिपा
अपॉइंटमेंट लेटर, कॉन्ट्रॅक्टरकडचे असाल तर गेटपाससुद्धा
काढल्याचं पत्र, चार्जशीट, तुम्ही दिलेली उत्तरं
टेस्टचा रिपोर्ट

कंपनीच्या ईमेलवर काही असेल तर लॉगिन बंद व्हायच्या आत तुमच्या स्वतःच्या पे-स्लिपा काढून घ्या. मला दुपारी सस्पेंड केलं आणि संध्याकाळी चारला लॉगिन गेलं. मग पे-स्लिपांसाठी एचआरच्या पाया पडत बसलो. आणि सगळ्यावर पोचपावती घ्या, झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख. नाही दिली तर रजिस्टर्ड पोस्ट.

पायरी ५: ईएसआयचा भत्ता

नाव लांबलचक आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला सुरू झाली, तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के द्यायचे, कोविडच्या वर्षी ५० टक्के केले. योजना कायमची नाही, मुदत वाढवत वाढवत चालते, म्हणून अर्ज टाकण्याआधी ब्रांच ऑफिसात आत्ता चालू आहे ना एवढं विचारून घ्या.

कोणाला बसते: नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं ईएसआयमध्ये असायला हवं. वर्षाचे दोन काँट्रिब्युशन पिरियड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या पिरियडमध्ये किमान ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन, आणि त्याच्या मागच्या तीनपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस. दोन ठिकाणी ईएसआयवाल्या नोकऱ्या करत असाल तर दोन्ही गेलेल्या असल्या पाहिजेत.

किती मिळतं: जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. हिशोब असा, मागच्या चार पिरियडची एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे. महिना १८,००० वाला असेल तर रोजचे साधारण २९६, नव्वद दिवसांचे २६ हजार सहाशेच्या आसपास. मडगावात भाड्याने राहणाऱ्याला दोन-तीन महिने श्वास घ्यायला पुरतात, त्याहून जास्त नाही.

कसं करायचं: नोकरी गेल्यावर ३० दिवस झाले की ईएसआयसीच्या पोर्टलवर इन्शुअर्ड पर्सन म्हणून लॉगिन करून क्लेम टाकायचा, आधार आणि पासबुकची कॉपी जोडायची. पूर्वी स्टॅम्प पेपरवर अफिडेव्हिट लागायचं, ते २०२० मध्ये काढून टाकलं. तरी झेरॉक्सवाल्याकडे कोणी तुम्हाला स्टॅम्प पेपर घ्यायला लावेल, घेऊ नका. कंपनीमार्फत अर्ज पाठवण्याचीही गरज उरलेली नाही, ब्रांच ऑफिस स्वतः कंपनीकडून खात्री करतं. पैसे थेट खात्यात.

आता खड्डे. पहिला खड्डा नावाचा: आधारवर एक स्पेलिंग, ईएसआयवर दुसरं. गोव्यात हे फार होतं, नाईकचं स्पेलिंग चार तऱ्हेने, गावकरचं दोन तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि पंचायतीच्या कागदावर वेगळंच. आधी दुरुस्त करा, मग क्लेम.

दुसरा खड्डा कंपनीने ईएसआयच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये टाकलेलं कारण. तुमचे दिवस शून्य दाखवताना त्यांना यादीतून कारण निवडावं लागतं, रजेवर, नोकरी सोडली, रिट्रेंचमेंट, काम नाही वगैरे. कोणीतरी घाईत "रजेवर" टाकतो आणि सिस्टमच्या दृष्टीने तुम्ही नोकरीतच असता, क्लेम अडकतो. त्या सत्तरीच्या पोराचं हेच झालं होतं, कॉन्ट्रॅक्टरच्या क्लार्कला तीन फोन करून बदलून घेतलं.

तिसरा, आणि हा मोह प्रत्येकाला होतो, खोटं लिहिणं. डिसमिसल ऑर्डर हातात असताना फॉर्मवर "कंपनीत काम कमी झालं" असं लिहू नका. ब्रांचवाले कंपनीला विचारणारच आहेत. खोट्या माहितीवर लाभ घेणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि एकदा त्यात शिक्षा झाली की या योजनेतून कायमचे बाद. आमच्या त्या पोराने ऑफिसात स्पष्ट सांगितलं होतं की टेस्ट झाली, पॉझिटिव्ह आलो, मग मला गेटवरून परत पाठवलं, कागद काही दिला नाही. मॅडमने कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, त्याच्याकडे शिक्षेचा कागदच नव्हता. पास झालं.

माझा क्लेम नाकारला. मी तरी का टाकला? कारण वाटलं प्रयत्न करून बघू. तुमच्याकडे चौकशी होऊन मिळालेली डिसमिसल ऑर्डर असेल आणि तिला कुठे आव्हान दिलेलं नसेल तर त्यात दोन महिने घालवू नका, सरळ पुढच्या पायरीला या.

ईएसआयचीच दुसरी एक योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. ती जास्त काळ चालते, २४ महिन्यांपर्यंत, पण फक्त रिट्रेंचमेंट, कंपनी बंद किंवा किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व असेल तर. शिस्तभंगाने काढलेल्याला तीही नाही. कंपनीने टेस्टचं निमित्त पुढे केलं पण कागदावर रिट्रेंचमेंट लिहिलं असेल तर हिच्याबद्दल नक्की विचारा, बरेच जण अटलचं ऐकतात आणि हिचं विसरतात.

पायरी ६: जे तुमचंच आहे ते

भत्ता नाही म्हटल्यावर मी आठवडाभर घरात पडून होतो, वाटलं सगळंच गेलं. तसं नसतं.

राहिलेला पगार आणि रजेचे पैसे. वेतन संहितेप्रमाणे काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. डिसमिस झालेल्यालाही. "फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात" हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य आहे.

पीएफ. हा तुमचा पैसा, गैरवर्तनासाठी कोणी अडवू शकत नाही. कंपनीने एक्झिट डेट टाकायला हवी, नाही टाकली तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर आधार ओटीपीने टाकू शकता. लगेच किती काढता येतं याचे नियम बदलतायत, ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या ट्रस्टी बोर्डाने ७५ टक्के लगेच आणि बाकीचं १२ महिन्यांनी असं ठरवलं, तर क्लेम टाकताना पोर्टल काय दाखवतंय ते बघा. आणि एक मोठ्या भावासारखं सांगतो, व्यसन चालू असताना सगळा पीएफ एकदम काढू नका. मी काढला होता. त्यातले किती कुठे गेले ते लिहीत नाही.

ग्रॅच्युइटी. यावर सगळ्यात जास्त फसवतात. पाच वर्षं झाली असतील तर शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझे १४,००० धरून सात वर्षांचे ५६,५३८ होत होते. कंपनी म्हणाली डिसमिस झालास, ग्रॅच्युइटी जप्त. तसं आपोआप होत नाही. जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत, कंपनीचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानाएवढी, आणि दंगा, हाणामारी किंवा नोकरीच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढलं असेल तर पूर्ण किंवा काही भाग. माझ्या ऑर्डरमध्ये यातलं काहीच नव्हतं, फक्त पॉलिसीचा भंग. लेबर ऑफिसात ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारा अधिकारी असतो (तेव्हा त्याला कंट्रोलिंग अथॉरिटी म्हणायचे) तिथे अर्ज केला, दुसऱ्या तारखेलाच कंपनीचा माणूस चेक घेऊन आला. (नव्या श्रमसंहितेत फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घेतलेल्यांना, एका वर्षावरही ग्रॅच्युइटी आहे, त्यांनी विचारून घ्या.)

ईएसआयचे उपचार. नोकरी गेली त्या दिवशी कार्ड बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या काँट्रिब्युशनवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ चालतो, ऑक्टोबर ते मार्चच्या जोरावर जुलै ते डिसेंबरचा. माझ्या आईचं शुगरचं औषध मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलातून मधले काही महिने तसंच चालू राहिलं. नोकरी गेल्याचं तिला तोपर्यंत सांगितलंही नव्हतं.

पायरी ७: काढणंच चुकीचं वाटत असेल तर

पणजीच्या कदंब स्टँडवर उतरा, मडगावहून शटल घेतली तर मध्ये कुठे थांबतही नाही, आणि पाटोला चालत जा. ईएसआय, पीएफ आणि लेबर कमिशनर तिन्ही ऑफिसं त्याच भागात, लेबरचं श्रम शक्ती भवनात. सकाळी लवकर जा, जेवणाच्या सुट्टीच्या आधी काम झालं तर झालं.

तिथे लेबरच्या ऑफिसात कन्सिलिएशनचा (समेटाचा) अर्ज द्यायचा. साध्या भाषेत, कधी लागलो, कधी काढलं, चौकशी झाली का, साक्षीदार तपासायला दिले का, टेस्ट पक्की केली होती का. अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो, जमलं तर तडजोड, नाही जमलं तर पुढे ट्रायब्युनल, म्हणजे कामगारांच्या तंट्यांचं कोर्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्यात आणि पूर्वी तीन वर्षांची असलेली मुदत आता दोन वर्षांवर आलीय, तरी तुम्ही दोन वर्षं कशाला थांबता, पहिल्याच महिन्यात जा. साक्षीदार नोकरी बदलतात, सीसीटीव्ही पुसला जातो.

ट्रायब्युनलकडे शिक्षा जास्त कडक वाटली तर ती कमी करायचा अधिकार आहे. सात वर्षं स्वच्छ रेकॉर्ड, पहिलीच चूक, कामावर नशेत असल्याचा पुरावा नाही, हे मुद्दे तिथे चालतात. उलट तुम्ही क्रेन, फोर्कलिफ्ट, बॉयलर किंवा गाडी चालवणारे असाल तर फार आशा ठेवू नका, आणि मला विचाराल तर ते बरोबरही आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नका. १९८७ च्या लीगल सर्व्हिसेस कायद्यात औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००, नाहीतर जिल्हा कोर्टातल्या लीगल एडच्या खोलीत जाऊन विचारा.

पायरी ८: उपचार, आणि हे खरं तर पहिलं हवं होतं

बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळ आयपीएचबी आहे, सरकारी मनोरुग्णालय. नाव काढलं की गावात लोक तोंडं वाकडी करतात, मीही करायचो. ओपीडीत गेलो तर बाजूला एक बँकेतला माणूस टाय लावून बसलेला, पलीकडे एक रेंदेर (माडाची सूर काढणारा), त्याच्या हाताची बोटं थरथरत होती आणि तो माझ्याकडे बघून हसला. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात दारू आणि ड्रग्सच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्यात, म्हणजे तुम्ही पेशंट म्हणून जाता. केसपेपर जपा, पुढे ट्रायब्युनलला आणि नव्या नोकरीत दोन्हीकडे लागतो. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, आणि मन फारच खाली गेलं असेल तर टेली-मानस १४४१६.

ज्यांची नोकरी अजून आहे त्यांच्यासाठी: टेस्ट व्हायच्या आधी स्वतःहून गेलात आणि ईएसआय डॉक्टरने आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं तर काँट्रिब्युशन पूर्ण असलेल्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के सिकनेस बेनिफिट मिळतो. म्हणजे सापडण्याआधी गेलो असतो तर ईएसआयच्या पैशाने तीन महिने बरा होत बसलो असतो. सापडल्यावर हेच दार अर्धं बंद होतं, कारण मग कंपनी म्हणते टेस्टमध्ये आला म्हणून आता आजारी झाला.

नव्या नोकरीचं. मुलाखतीत आधीची का सोडली विचारतात. मी पहिल्या दोन ठिकाणी गोलगोल बोललो, दोन्हीकडून फोन आला नाही. तिसरीकडे, कुंडईला, सुपरवायझरला सरळ सांगितलं आणि आयपीएचबीचे सहा महिन्यांचे फॉलोअपचे कागद पुढे ठेवले. त्याने ते उलटसुलट बघितले, म्हणाला टेस्ट दर तीन महिन्यांनी इथेही होते, चालेल का. म्हटलं चालेल. पगार आधीपेक्षा अडीच हजार कमी, बस मात्र कंपनीची. जॉइन होताना पुन्हा गठ्ठा आला सह्यांचा. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळी पानं वाचली, क्लार्क दोनदा घड्याळाकडे बघत होता.